हिवाळी अयनदिन : ड्रुइडांचे वर्तुळ आणि आपला धुंधुरमास

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर शहाड आणि टिटवाळा या स्थानकांच्या मध्ये आंबिवली लागते. मोहोन्याच्या एन.आर.सी. या रेयॉन कारखान्यामुळे एकेकाळी हे नाव दूरवर ठाऊक होते. २१ किंवा २२ डिसेंबरला येथे सूर्य सात वाजून पाच-सात मिनिटांनी उगवतो. तोपर्यंत मुंबईकडे जाणाऱ्या पहाटेच्या गाड्या गच्च भरून निघून गेलेल्या असतात. नेमक्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला, सिद्धगड-भीमाशंकरच्या रोखाने, सह्याद्रीच्या कडेवर त्या दिवशी सूर्यबिंब दिसते. वर्षभरात याहून दक्षिणेला ते सरकत नाही. दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो काही सेकंदांनी वाढू लागतो. फलाटावरील कोणाचे तिकडे लक्ष जात नाही आणि जाण्याचे तसे कारणही नसते.

आंबिवलीत दुपारचे पावणेदोन वाजत आलेले असताना इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील स्टोनहेंज येथे त्याच दिवसाची सकाळ होते. तेथील घड्याळात आठ वाजून दहा मिनिटे झालेली असतात. कडाक्याच्या थंडीत, पुष्कळदा धुक्यात किंवा पावसात, हजारो माणसे प्रचंड शिळांच्या वर्तुळात उभी असतात. त्यांच्यात पांढरे झगे घातलेले काही जण असतात. हे आधुनिक ड्रुइड होत. त्यांच्या दृष्टीने हा वर्षातील महत्त्वाच्या विधींपैकी एक असून ‘आल्बन आर्थन’ या नावाने तो ओळखला जातो.

एकाच सूर्याची एकाच दिवसाची ही दोन रूपे इतकी वेगळी का, याचे उत्तर सावलीत आहे. अयनदिनाच्या माध्यान्ही आंबिवलीत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. पाच फूट उंचीच्या माणसाची सावली तेव्हा साडेचार फुटांच्या आसपास पडते. स्टोनहेंजला त्याच माध्यान्ही सूर्य केवळ १५ अंश वर चढतो आणि त्याच माणसाची सावली सुमारे अठरा फूट लांब पडते. दुपारी चारच्या सुमारास तेथे सूर्य मावळलेला असतो. पूर्ण दिवस आठ तासांचाही भरत नाही. आपल्याकडे हिवाळा हा सुखाचा ऋतू, तर तिकडे सूर्य परत येईल की नाही ही भीती एके काळी खरोखर वाटावी अशी परिस्थिती. विधीची तीव्रता अक्षांशाप्रमाणे बदलते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

वर्तुळातील तासभर

ड्रुइडांचा कोणताही एक प्रमाण धर्मग्रंथ नाही, त्यामुळे प्रत्येक गटाचा विधी थोडा निराळा असतो. तरीही १९६४ मध्ये रॉस निकोल्स यांनी स्थापन केलेल्या ‘ऑर्डर ऑफ बार्ड्स, ओव्हेट्स अँड ड्रुइड्स’ या संस्थेने रूढ केलेला साचा बहुतेक ठिकाणी ओळखू येतो. स्टोनहेंजसारख्या गर्दीच्या जागेपेक्षा हा विधी एखाद्या राईत, टेकडीवर किंवा घरामागच्या अंगणात दहा-पंधरा माणसांत होतो, तेव्हा तो अधिक नीट समजतो.

सहभागी माणसे वर्तुळात उभी राहतात. झगा सक्तीचा नसतो. जाड कोट आणि चिखलाचे बूट हाच बहुतेकांचा वेश असतो. प्रथम चारही दिशांना शांततेची विचारणा होते. एक जण एकेका दिशेकडे तोंड करून तेथे शांतता नांदो असे म्हणतो. चारही दिशा शांत असल्याखेरीज पुढील कार्य करता येत नाही, असा संकेत आहे. त्यानंतर वर्तुळ ‘आखले’ जाते, म्हणजे एक व्यक्ती त्याच्या कडेने प्रदक्षिणा घालते आणि आतील जागा विधीपुरती पवित्र ठरते. मग दिशांचे आवाहन होते. पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल आणि उत्तरेला पृथ्वी अशी वाटणी असते. पूजेच्या आरंभी दिग्बंधन पाहिलेल्या मराठी माणसाला हे सारे फारसे परके वाटणार नाही. मात्र आपल्याकडे अग्नी आग्नेयेला आणि वायू वायव्येला असतो, एवढा फरक त्याला खटकेल.

विधीचा गाभा अंधारात आहे. वर्तुळातील सर्व दिवे विझवले जातात. सरत्या वर्षातील जे मागे सोडायचे असेल ते प्रत्येकाने या अंधारात मनातल्या मनात सोडायचे असते. काही काळ कोणीही बोलत नाही. नवख्या माणसाला ही काही मिनिटे फार लांब वाटतात. पाय गारठलेले असतात, शेजारच्याचा श्वास ऐकू येतो आणि मोबाइल खिशात बंद असतो. त्यानंतर मध्यभागी एकच ज्योत पेटवली जाते आणि तिच्यावरून चारही दिशांचे दिवे लावले जातात. सर्व जण मिळून ‘आवेन’ हा वेल्श शब्द लांब स्वरात तीन वेळा उच्चारतात. स्फूर्ती किंवा प्रतिभेचा प्रवाह असा त्याचा अर्थ. शेवटी पाव आणि मधापासून केलेले मद्य फिरवले जाते. त्यातील पहिला घास व पहिला घोट जमिनीला अर्पण करण्याची रीत आहे. ज्या क्रमाने वर्तुळ बांधले त्याच्या उलट क्रमाने ते सोडले जाते.

या प्रसंगी सहभागींना मिसलटो या वनस्पतीच्या डहाळ्या वाटतात. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून ठेवले आहे, की ड्रुइड शुक्ल पक्षातील सहाव्या दिवशी ओक वृक्षावर चढून सोन्याच्या विळ्याने मिसलटो कापत आणि खाली पांढऱ्या वस्त्रात झेलत. ही वनस्पती म्हणजे आपल्या आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाची भाऊबंद होय. कोकणातला बागाईतदार ज्याला कोयत्याने छाटून फेकतो आणि मराठी भाषेने ज्याची शिवी केली, त्याला तिकडे देवत्व मिळाले! कारण सोपे आहे. ओकची सारी पाने गळून गेलेली असताना त्याच्या फांदीवर बांडगूळ तेवढे हिरवेगार राहते. आपल्या सदाहरित आंब्यावर ही जादू दिसत नाही. मिसलटोची फळे विषारी असल्याने ती पोटात जाऊ नयेत, अशी सूचना मात्र वाटपाच्या वेळी देणे योग्य ठरते.

परंपरा किती जुनी?

येथे भाविक आणि इतिहासकार यांच्या वाटा वेगळ्या होतात. स्टोनहेंजची उभारणी इसवी सनापूर्वी सुमारे ३००० च्या आसपास सुरू झाली आणि मोठ्या शिळा इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास उभ्या राहिल्या. ड्रुइडांचे लेखी उल्लेख मात्र ज्युलियस सीझर आणि त्याच्या आगेमागे झालेल्या ग्रीक-रोमन लेखकांचे, म्हणजे त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी आलेले. दोहोंची सांगड घातली ती सतराव्या शतकात जॉन ऑब्री याने आणि अठराव्या शतकात विल्यम स्टुकली याने. स्टुकलीचे १७४० मधील पुस्तक लोकप्रिय झाले आणि ‘स्टोनहेंज म्हणजे ड्रुइडांचे देवालय’ ही समजूत पक्की झाली.

आधुनिक विधीचा खरा जनक मात्र एक वेल्श गवंडी होता. एडवर्ड विल्यम्स हे त्याचे नाव. ‘योलो मॉर्गनुग’ या टोपणनावाने तो प्रसिद्ध आहे. १७९२ मध्ये त्याने लंडनच्या प्रिमरोझ टेकडीवर खिशातले खडे मांडून वर्तुळ केले आणि बार्डांची सभा भरवली. हा विधी प्राचीन काळापासून अखंड चालत आल्याचा त्याचा दावा होता. पुरावा म्हणून त्याने जुनी हस्तलिखिते पुढे केली. ती बहुतांशी त्याने स्वतःच रचली होती, हे विसाव्या शतकातील वेल्श अभ्यासकांनी दाखवून दिले. आज जगभरचे ड्रुइड म्हणतात ती प्रार्थना त्याचीच आणि ‘आल्बन आर्थन’ हे नावही त्याचेच. बनावटगिरी करणारा आणि प्रतिभावंत अशी ही दुहेरी व्यक्ती होती. ज्या गोष्टी त्याने खोट्या म्हणून रचल्या त्या दोनशे वर्षांच्या वापराने खऱ्या परंपरा झाल्या आहेत. आजचे बरेचसे ड्रुइड हे मोकळेपणाने मान्य करतात आणि विधीचे मोल त्याच्या वयावर ठरत नाही, असे सांगतात.

अमेरिकेतील उदाहरण तर अधिकच गमतीचे आहे. मिनेसोटातील कार्लटन कॉलेजात विद्यार्थ्यांना धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती होती. तिची थट्टा म्हणून १९६३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी ‘सुधारित ड्रुइड’ असा पंथ काढला. पुढल्याच वर्षी सक्ती उठली, पण पंथ उठला नाही.

भारताशी नाते जोडण्याचा उद्योगही जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात असलेला गणिती रूबेन बरो याने ड्रुइड हे ब्राह्मणच होते, असे ठामपणे लिहिले. ‘ड्रुइड’ या शब्दात संस्कृत ‘द्रु’ म्हणजे झाड आणि ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूंची सख्खी भावंडे आहेत, ही गोष्ट भाषाशास्त्राला मान्य आहे. त्यावरून दोन्ही भाषांचे मूळ एक होते एवढेच सिद्ध होते. पुरोहित इथून तिथे गेले, असे नव्हे.

अयनदिनाचे प्राचीनत्व मात्र निर्विवाद आहे. आयर्लंडमधील न्यूग्रेंजची समाधी इसवी सनापूर्वी सुमारे ३२०० मध्ये बांधली गेली. तिच्या दारावरील झरोक्यातून अयनदिनाच्या पहाटेचा किरण आतील गाभाऱ्यापर्यंत पोचतो. उत्खनन करणारे प्राध्यापक मायकेल ओकेली यांनी १९६७ च्या २१ डिसेंबरला आत एकट्याने बसून हे प्रथम पाहिले. स्टोनहेंजजवळच्या डरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांची असंख्य हाडे सापडली. त्यांतील बऱ्याच डुकरांचे वय नऊ महिन्यांच्या आसपास होते. वसंतात जन्मलेली जनावरे ऐन हिवाळ्यात मारली गेली, म्हणजे मेजवानीचा काळ हाच होता. स्टोनहेंजची रचना उन्हाळी सूर्योदय आणि हिवाळी सूर्यास्त यांच्या रेषेवर आहे. आजची गर्दी मात्र हिवाळ्यातही सूर्योदयाला जमते. शिळांचे तोंड संध्याकाळकडे आणि माणसांचे सकाळकडे, असा हा प्रकार आहे.

या गर्दीला तेथे उभे राहण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. १ जून १९८५ रोजी स्टोनहेंजकडे निघालेल्या तांड्याला पोलिसांनी वाटेत अडवले. त्या धुमश्चक्रीत पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. त्यानंतर अनेक वर्षे अयनदिनी शिळांभोवती नाकेबंदी असे. २००० सालापासून व्यवस्थापनाने नियम घालून खुला प्रवेश सुरू केला. २०१० मध्ये इंग्लंड व वेल्सच्या धर्मादाय आयोगाने ‘द ड्रुइड नेटवर्क’ या संस्थेला धार्मिक हेतूची धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी दिली. अडीचशे वर्षांपूर्वीही कोणी ज्याला धर्म म्हटले नसते, त्याला कायद्याच्या कागदावर धर्माचे स्थान मिळाले.

आपल्याकडची पहाट

आंबिवलीत ड्रुइड नाहीत; पण अयनदिनाच्या आसपासचा पहाटेचा विधी आहे आणि तो स्वयंपाकघरात आहे. सूर्य धनु राशीत असतो तो, साधारण १६ डिसेंबर ते १३ जानेवारीचा काळ म्हणजे धनुर्मास. मराठी घरांत त्याचा उच्चार धुंधुरमास किंवा झुंझुरमास असा होतो. या महिन्यात निदान एक दिवस तरी सूर्योदयापूर्वी स्नान करून, स्वयंपाक करून, उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि लगेच जेवायला बसायचे, अशी रीत आहे. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचे भरीत, लेकुरवाळी भाजी, गूळ आणि कढी असा बेत असतो. घरोघर त्यात फरक पडतो. हे सारे पदार्थ उष्ण आणि स्निग्ध असून वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीनंतर लागलेल्या भुकेला साजेसे आहेत. दक्षिणेत हाच काळ मार्गळी म्हणून पाळला जातो आणि तेथील वैष्णव देवळांत पहाटे तिरुप्पावैचे पठण होते.

सातच्या आत गाडी पकडणाऱ्या घरात पहाटेचे जेवण बसवणे सोपे नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला त्यासाठी तीन-साडेतीनला उठावे लागते, ही गोष्ट या प्रथेच्या गौरवगाथांत सहसा सांगितली जात नाही. ड्रुइडांच्या विधीत अंधारात उभे राहण्याचा मान सर्वांना असतो. आपल्याकडे अंधारातले काम बहुधा एकीच्याच वाट्याला येते आणि बाकीचे पान वाढल्यावर उठतात. म्हणून प्रथा टिकली तर ती रविवारी आणि सर्वांनी मिळून चूल सांभाळण्याच्या बोलीवरच टिकेल, असे दिसते.

धनुर्मासाची अखेर भोगीने आणि संक्रांतीने होते. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथील खांबलिंगेश्वराची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. तेथील गुरांचा बाजार आणि घोंगड्यांची दुकाने हिवाळ्याचा अर्थ व्यवहाराच्या भाषेत सांगतात.

तारखेचा वाद

उत्तरायण सुरू होते २१-२२ डिसेंबरला आणि आपण ते साजरे करतो १४-१५ जानेवारीला. ही तफावत पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळे पडली. आपली रास ताऱ्यांवरून मोजली जाते, तर ऋतू संपातावरून ठरतात. दोहोंत सुमारे ७१ वर्षांनी एक दिवसाचे अंतर पडत जाते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस संक्रांत आणि अयनदिन जवळजवळ एकत्र होते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ मधील संक्रांतीचा, पण तारीख १२ जानेवारी. पानिपतचे तिसरे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले आणि ‘संक्रांत कोसळली’ या शब्दप्रयोगाशी त्याचे नाते सर्रास लावले जाते. वस्तुतः त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा तरी गंभीरपणे हाताळला होता. १८८० च्या दशकात विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. सण ऋतूंशी बांधलेले हवेत, म्हणून संक्रांत डिसेंबरातच यायला हवी, हे त्यांचे म्हणणे होते. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्रावरील १८९६ चा ग्रंथ आजही या विषयातला आधार मानला जातो. वेदांग ज्योतिषात पाच वर्षांच्या युगाचा आरंभच हिवाळी अयनदिनापासून होतो, हे त्यांच्या बाजूचे मोठे प्रमाण होते. लोकमान्य टिळकांनीही पंचांगशुद्धीत लक्ष घातले. त्यांच्या नावाच्या पंचांगात संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. लोकांनी मात्र तिळगुळाची तारीख हलवली नाही. गणित बरोबर असूनही वाद हरता येतो, याचे हे उत्तम उदाहरण.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने तोच विचार पुन्हा मांडला आणि २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तीत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरला येतो. सरकारी राजपत्रावर छापला जाणारा हा पौष ऋतूशी तंतोतंत जुळलेला आहे. तो दिवस साजरा करणारे कुटुंब सापडणे कठीण.

लोकव्यवहाराच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दिवस सर्वांत लहान २१-२२ डिसेंबरला असला, तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशी होत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने घड्याळ व सूर्य यांच्यात फरक पडत राहतो. मुंबई-ठाण्याच्या अक्षांशावर सूर्यास्त नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासूनच लांबू लागतो, तर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिरा होत जाऊन सव्वासातच्या आसपास पोचतो. पहाटेची गाडी पकडणाऱ्याला सकाळ मागे फिरल्याची जाणीव संक्रांतीनंतरच होते. पंडितांचे गणित डिसेंबरचे आणि फलाटाचा अनुभव जानेवारीचा.

किरण आणि इमारती

न्यूग्रेंजच्या तोडीचा सूर्यविधी महाराष्ट्रात कोल्हापूरला आहे. महालक्ष्मीच्या मंदिरात ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि मूर्तीच्या चरणांपासून वर चढतात. नोव्हेंबरच्या त्या तारखांपासून अयनदिन जितके दिवस पुढे, जवळजवळ तितकेच दिवस तो फेब्रुवारीच्या तारखांपासून मागे आहे. सूर्य दक्षिणेला जाताना आणि परत येताना एकाच बिंदूवरून जातो, म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो. अयनदिन हा या उत्सवाचा न दिसणारा मध्यबिंदू आहे. किरणांच्या वाटेवर उभी राहिलेली बांधकामे हा तेथील जुना तंटा आहे. काही वर्षी ढग आणि काही वर्षी अडथळे यांमुळे किरण मूर्तीपर्यंत पोचले नाहीत. न्यूग्रेंजला पाच हजार वर्षांत कोणी समोर इमारत बांधली नाही, हे तिथल्या लोकांचे भाग्य म्हणायचे.

आंबिवलीतून पाहायचे तर

विधी कोणताही असो, पाहण्यासारखी मूळ गोष्ट क्षितिजावर आहे आणि तिला कोणत्याही पंथाची दीक्षा लागत नाही. पूर्वेचे डोंगर मोकळे दिसणारी एखादी गच्ची निवडावी आणि उभे राहण्याची जागा खडूने आखून ठेवावी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून दर तीन-चार दिवसांनी, सूर्यबिंबाची पहिली कड दिसेल ती जागा समोरच्या सुळक्याच्या किंवा टाकीच्या आधाराने कागदावर टिपावी. बिंब पूर्ण वर आल्यावर त्याकडे थेट पाहू नये. कल्याण परिसरातील हिवाळी धुरक्यामुळे काही सकाळी डोंगरकडा दिसणारच नाही, हे गृहीत धरावे. मार्च आणि सप्टेंबरमध्ये उगवतीची जागा रोज जवळजवळ सूर्याच्या रुंदीइतकी सरकते. अयनदिनाच्या आधीच्या व नंतरच्या दहा-दहा दिवसांत मिळून ती तेवढीही हलत नाही. सूर्य थबकला आहे असे जुन्या लोकांना वाटले, ते यामुळेच. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, भोगीच्या भाजीसाठी घेवडा आणि हरभरा बाजारात येतो तेव्हा, कागदावरची खूण स्पष्टपणे डावीकडे, उत्तरेच्या बाजूला सरकलेली दिसू लागते.